पाटणकरचा खाडा

संकष्टीवरून आठवलं. ऐंशीच्या दशकात परदेशात, अर्विंगला माझा रूममेट होता, पुण्याचा पाटणकर. स्पीडिंगच्या तिकिटाचा दंड भरायला विसरला म्हणून एक दिवस तुरुंगात राहून आला. मागोमाग तुरुंगाचं बिल आलं, राहण्या-जेवणाचं. यानं उलट पत्र टाकलं, "त्या दिवशी मला संकष्टीचा उपवास होता. मेसमध्ये धरतात तसा जेवणाचा खाडा धरून सुधारित बिल पाठवावं. तोवर पैसे भरणार नाही."

सुधारित बिल आलं नाही. लायसन्स सस्पेंड केल्याचं पत्र आलं.

तरी हा गाडी घेऊन ऑफिसला निघाला. पुन्हा आत.

दुपारी सोडवायला गेलो, तर साहेब तोंड पुसत बाहेर आले.

म्हटलं, "अरे, आजही संकष्टी आहे ना?"

"आहे की. पण इथे खाडा धरत नाहीत यार. दोनदा वाढून घेतलं."