लाल टॅग कोणाचा?

चहा घ्या, मंग सांगतो. आमची सुमी हथखोजच्या एका कारखान्यातल्या मशीनचं कॉम्प्युटरचं काम घरूनच पाहते. त्या दिवशी घरभर नुसत्या येरझारा घालून राहिली होती. मशीनचा कॅमेरा चालवणारा प्रोग्राम, त्याले ते ड्रायव्हर म्हणतात, काही केल्या बनून नव्हता राहिला. चार वाजता मालक कारखान्यात पाहाले येणार, अन् नाही चाललं तर काम दुसऱ्याले जाणार.

"बाबा, कोण्या गाढवानं कर्नलमधला, कॉम्प्युटरच्या मुळातला, वीज वाचवायचा ऑप्शनच बंद करून ठेवला! त्याच्याबिगर ड्रायव्हर बनतच नाही. ऐसा कौन करता है?"

मले कर्नल काय समजते? पण नोकरीत होतो तवा प्लांटमध्ये आम्ही स्विच बंद केला का, दुसऱ्या कोणी चालू करू नये म्हणून त्याले आपल्या नावाचा लाल टॅग बांधत होतो. मी म्हटलं, "टॅग पाह्य ना बाई, कोणाचा हाय."

"इथं टॅग नसते, बाबा!" मंग तीच म्हणे, "पण कोणी काय बदललं त्याची नोंद असते."

तिनं नोंद उघडली अन् नाव वाचलं.

"कोणाचं नाव हाय?"

"माझंच. मशीन मधातच झोपू नये म्हणून मीच बंद केला होता."

ऑप्शन बंदच ठेवून तिनं ड्रायव्हर त्याच्याबिगर बनंल असा सुधारला. पावणेचारले कॅमेरा सुरू झाला, तवा कुठं ती खुर्चीत टेकली.

म्हणे, "बाबा, गाढवाले चहा भेटंल का?"