चंद्राबाईच्या मरणाचा आळ

मी साळूबाई भ्रतार गेनू रेणुसे, वय अंदाजे ५०, धंदा शेती व सुईणपण, राहणार पासली. आज ता. ११ ऑगस्ट १९४१ रोजी पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष सांगते की,

आमच्या वरच्या वाडीतील नाथाची बायको चंद्राबाई, वय १९, हिचे पहिलेच बाळंतपण होते. ता. २ रोजी पहाटे कळा लागल्या. मी पोट वरून चाचपले. मूल आडवे होते. आत हात घातला नाही. नाथाला म्हटले, "ह्ये माझ्यानं व्हायचं न्हाई. दवाखान्यात न्या." चौघांनी डोलीतून खाली आणली. पुढे बैलगाडीने दिवस मावळायच्या आत तालुक्याच्या गावातील खाजगी सूतिकागृहात पोहोचलो.

त्या वेळी तेथील डॉक्टर ओट्यावर एका इसमाच्या मांडीचे गळू कापत होते. पू त्यांनी फडक्याने टिपला, त्याच फडक्याला हात पुसले व चंद्राबाईला तपासावयास आत निघाले. मी म्हणाले, "सायेब, हात धुवा. कडत पानी हाय हितं." ते म्हणाले, "तू मला शिकवणार?" दवाखान्याच्या शिपायाने मला बाहेर काढले.

मुलगा झाला, जिवंत आहे. तिसऱ्या दिवशी चंद्राबाईला हीव भरून ताप आला. पोट फुगले. अंगावरून जाई त्याला घाण येऊ लागली. शेजारच्या खाटेवरील भोंगवलीची बाळंतीण तशाच तापाने ता. ६ रोजी मेली. तिला मी शिवलेही नव्हते. चंद्राबाई ता. ८ रोजी गेली. शुद्ध होती तोवर म्हणत होती, "मावशे, मला घरी न्या." मी नेले नाही. डॉक्टरांवर भरवसा ठेवला.

डॉक्टरांनी लिहून दिले आहे की, गावठी सुईणीच्या घाणेरड्या हातांमुळे ताप आला. हे खोटे आहे. तीस वर्षांत माझ्या हातून दोन बाया गेल्या. त्यांची नावे मी सांगते, लिहून घ्या. डॉक्टरांनी एका आठवड्यातल्या दोघींची सांगावीत.

आज इकडे येताना मी सूतिकागृहात डोकावले. चंद्राबाईची तीच गादी उलटी करून त्यावर भागूबाई नावाची बाई निजवली आहे. तिला कळा चालू आहेत. जमादारसाहेबांना मी म्हणाले, "माझं मागनं लिवा. आदी तिला तिथनं उठवा." ते म्हणाले, आधी जबाब पुरा होऊ दे.

पुरा झाला. मला वाचून दाखविला, मी बोलले तसाच आहे. अंगठा उठवून मी भागूबाईकडे जात आहे.