उलटी जोडलेली तार

आबिड्सच्या स्टॉपवर दीपमाला बसची वाट बघत होती. तिच्या पुढे दोन मास्तर उभे होते.

"विठ्ठलराव, शिवानीला प्रॅक्टिकलमध्ये नापास केलंत म्हणे?"

"मग काय करू? शेजारशेजारच्या दोन तारांतून एकाच दिशेनं करंट गेला की तारा जवळ येतात. हिनं लिहिलं, दूर गेल्या."

"गेल्या होत्या का?"

"हौ, गेल्या. एक तार माझ्याकडूनच उलटी जोडली गेली होती."

"बाकीच्यांनी काय लिहिलं?"

"जवळ आल्या."

"त्यांनी बघितलं नाही?"

"बघायचं कशाला? गाइडात आहे की."

"मग हीच कशाला बघत बसली?"

"घरचं वळणच तसं असणार."

दीपमाला पुढे झाली.

"नमस्कार सर. मी शिवानीची आई."

दोघं मास्तर चटकन दोन बाजूंना सरकले.