ताटली किती हातांवर दिसली

आराबा : ...नाही कोजोभाऊ, गाणं लावू नका! फर्माइशीसाठी फोन केलेला नाही मी. दोन वर्षांपूर्वी सासरे म्हणाले होते, "पोरी, समुद्राच्या पोटात अन्न उरलं नाही." मी हसण्यावारी नेलं. आज तेच सापडत नाहीयेत.

कोजो : श्रोतेहो, अपामच्या कोळीवाड्यातून आराबाताई बोलताहेत. ताई, घरातला रेडिओ आधी बारीक करा. सासरे म्हणजे आपले एग्या, बोतवेबाबा ना? अहो, मंगळवार आज! बसले असतील कुठेतरी जाळी विणत.

आराबा : तीन वाजले दुपारचे. छोटी होडी पहाटेपासून जागेवर नाही.

कोजो : समुद्राच्या सुट्टीच्या दिवशी? अहो, होड्यांचे प्रमुख असताना, मंगळवार मोडला म्हणून एग्यांनी माझ्या काकाला दंड केला होता!

सासू : (मागून ओरडून) सांग त्याला, मासे मारायला नाही गेले! जाळं इथंच आहे. माझी पांढरी ताटली घेऊन गेलेत, लग्नातली!

आराबा : आई, बाळाला घ्या हो जरा. कोजोभाऊ, ते ताटलीला दोरी बांधून पाण्यात सोडतात. ऑगस्टात तळाचं गार पाणी वर आलं, की डोळ्यांना दिसणारही नाही असलं बारीक शेवाळ माजतं. पाणी हिरवं होतं, ताटली दोन हात खोलीवरच दिसेनाशी होते. तेच खायला तारली येते. यंदा पाणी कोमट. गेल्या मंगळवारी नऊ हातांवरसुद्धा ताटलीवरची फुलं दिसत होती.

कोजो : म्हणजे पाणी स्वच्छ आहे. चांगलंच की!

आराबा : घासलेलं पातेलंही स्वच्छच असतं! जेवायला काय असतं त्यात?

कोजो : बरं, चिडू नका. पण मंगळवारच का?

आराबा : इतर दिवशी होड्या पाणी ढवळतात म्हणून. आणि... मीच म्हटलं होतं. कॉलेजात शिकलेली ना मी! "एग्या, नुसत्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? दर आठवड्याला एकाच दिवशी, एकाच जागी मोजा, वहीत लिहा, मग बोलू." त्यांनी मनावर घेतलं.

कोजो : मग कुणाला तरी होडी काढायला सांगा.

आराबा : सांगून घसा बसला! होड्यांचे प्रमुख म्हणतात, सूर्य मावळेपर्यंत एकही सुटणार नाही. म्हटलं, मासे नाही मारायचे, माणूस शोधायचाय. तर म्हणे, समुद्राला फरक कळत नाही. आणि वर म्हणे, हे तुझ्या सासऱ्यांनीच शिकवलं मला!

सासू : न्याहारीची मक्याची केंकीसुद्धा नेली नाही गं. तशीच पडलीय पानात.

कोजो : प्रवाह पूर्वेला ओढतोय, ताई... तुम्हीच बोला. तिकडे विनेबा-सेन्यापर्यंत ऐकू जातंय.

आराबा : विनेबावाले, सेन्यावाले, किनाऱ्यावर असाल तर जरा पाण्याकडे नजर टाका. पिवळी छोटी होडी, एकटेच म्हातारे, हातात दोरी. त्यांच्यावर ओरडू नका, मासे नाही मारत ते. भेटले तर एवढंच सांगा, सून वही उघडून बसलीय. आज किती हात, विचारतेय म्हणावं.