पारख कुणाची

चहा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रांगेतल्या शिक्षिकेच्या कानावर पुढच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं पडत होतं.

“चाळीस वर्षं चहा पारखलात, आणि आता यंत्राची साक्ष?”

“व्यापारी म्हणतो, माल अस्सल आहे. मी म्हटलं, वरून सुगंध फवारलाय.”

“अहो, त्या तापापासून तुम्हाला कशाचाच वास येत नाही!”

“हळू बोल की!”

खिडकीतून अहवाल आला. तो आजींनीच वाचला.

“पानाचा मूळ सुगंध नाहीच. बाहेरचं अत्तर सापडलंय. पण तुम्हाला कळलं कसं?”

“घरी या चहाचा कप नाकाशी नेलास आणि तोंड वाकडं केलंस. तेवढं पुरलं मला.”

“म्हणजे नाक माझं, नाव तुमचं!”

“उद्या कामावर बरोबर येशील?”

“येईन. पण घरचा चहा तुम्ही करायचा.”

“करतो. जमलाय का, तेही तूच सांग.”