अबू हलीफातला गवई

मराठी कान कधी दगा देईल सांगता येत नाही. आखातातल्या आमच्या प्लँटवरचा जेम्स मलेशियाचा, दायाक जमातीतला. म्हणाला, "शुक्रवारी अबू हलीफाला घरी ये, गवई आहे."

गाणं ऐकायला मिळणार म्हणून बायको ठेवणीतली साडी नेसली. बांबूत शिजवलेलं चिकन झालं, भात झाला, तरी गवई येईना. शेवटी विचारलंच.

जेम्स हसत सुटला. "अरे, गवई म्हणजे आमचा भातकापणीचा सण!"

बायकोनं विचारलं, "मग गाणार कोण?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला येतात फक्त मंगलाष्टकं. तीच म्हटली. दर 'सावधान'ला सगळे दायाक "ऊऽहाऽ!" ओरडत होते.

यंदा पुन्हा जेम्सचा फोन आला, "गवई आहे, ये."

बायको म्हणाली, "सांग त्याला, गवई निघालाय."