मिरगाआधीची सुई

मी मूळची चिंताकीकडली, धनगराची लेक, नाव म्हाळसा. जल्म कुन्या गावात झाला मनून इचारलं तर माझी माय मनायची, गावात कुटला गं बाई, कुन्याकी रेड्ड्याच्या रानात मेंढरं बसवली हुती, तितंच तू झालीस. बाप मेंढरांचं खांड घिऊन फिरायचा, आमी मागं मागं, आज इतं तर उद्या तितं, मनून मराठी, कानडी, तेलगू, मुसलमानी बोली, समदं कानावर पडलं आन धड एकबी आलं न्हाई, धकतं तेवढं बोलते. लिवायलाव का मास्तर? लिवा. पन दवंडी वाजली तर मी मधीच उठंन, न्हाई तर उठनारबी न्हाई, काय सांगू तुमाला, माझं मलाच ठरंना झालंय. आज सुईवाले मियाँ येनार हायती चावडीम्होरं, पटकीची सुई टोचायला. मल्लू, माझा ल्योक, मनतो जा. सून मनती जावा. त्येंला मनायला काय जातंय, टोचलं की ताप मला येतो, दंड माझा सुजतो, रातभर कूस बदलता येत न्हाई, आन हे समदं कशासाठी, तर आनखी एक पावसाळा बगायसाठी. पावसाळे का कमी बगितले मी?

सुई तशी मला नवी न्हाई. बारकी हुते तवा देवीचा टोचनारा आलता, आमचं खांड त्येच गावाच्या रानात हुतं, मायनं मला पदराखाली लपवलं तरी तेनं धरलं. हे बगा, हितं दंडावर, दिसायलंय का? हां, ते गोल. पिकलं, खपली धरली, तवर मायनं पालात फोडनी घातली न्हाई, तेलाचा वास देवीला चालत न्हाई मनून. उशाला लिंबाचा पाला, खायला दहीभात, परक्याची सावली पडू द्यायची न्हाई. देवी अंगात आली, पावनी हाय, तिचा मान ठिवायचा, आन खपली पडली की नारळ देऊन वाटं लावायची. ती एकदा आली आन गेली, पुन्हा कदी मागं वळली न्हाई. आमची समज ती. सुई मंजे देवीचं येनं, येकदा आली की जल्माची सुटका.

लगीन करून हिकडं संतपूरच्या बाजूला आले तवा मला पदरसुदा सावरता येत न्हवता. घरात थोरली जाव हुती, तिला समदं गाव अक्काच मनायचं, मीबी मनले. तिचं तोंड लई फाटकं. पयल्याच दिवशी मला मनली, काय गं, बापानं मेंढरांसंगं मोजून धाडली का तुला, भाकर थापता येत न्हाई ती? रडले मी. तर सांजच्याला तिनंच माझ्या हातावर हात ठिवून भाकर थापायला शिकवली. तिला मूलबाळ झालं न्हाई. नवस झाले, उपास झाले, काई झालं न्हाई. मल्लू झाला तर तेला मी नुस्तं पाजायची, बाकी समदं तीच करायची. मग येका सालात पटकी आली. निजामाचं राज हुतं तवा. थोरले दीर सकाळी रानात गेले ते दुपारी खांद्यावर आले, आन दुसऱ्या दिशी आमचे मालक. येकाच घरातली दोन मानसं. कोन कुनाला धरून रडायचं ते कळंना, अक्कानं मला धरलं आन मी तिला, आन मल्लू मधी.

त्या सालापसून अक्कानं मरीआईचं धरलं. गावात रोग आला की लाकडाचा बारका गाडा करायचा, तेच्यात आईला बसवायचं, हिरवा खन, बांगड्या, निवद, आन समद्या गावानं मिळून शिवेपार न्हिऊन सोडायचा. म्होरल्या गावानं तो त्येंच्या शिवेतून आनखी म्होरं ढकलायचा. गाड्याम्होरं दिवा घिऊन अक्का चालायची. वाटं लावताना मागं वळून बगायचं न्हाई, आन वाटं लावलेल्या आईला पुन्हा हाक मारायची न्हाई. मारली तर ती कोपती. ह्ये अक्काचं पक्कं. गाव तिचं ऐकायचं, आन माझं तर इचारूच नका, मी तिच्याच हाताखाली म्हातारी झाले.

मग पोलीस अ‍ॅक्शन झालं, निजाम गेला, ते समदं तुमाला ठावं हाय, ते लिवू नका. तेच्या म्होरल्या साली मिरगाच्या आदी हे मियाँ आले. सायकलीला पेटी बांधलेली, डोईला रुमाल, बोलायला गोड. अम्मा, सुई लेव, हैजा नै आता. हैजा मंजे आपली पटकी, ती येत न्हाई मनं. लोक पळाले. आमी दोघी बसलो हुतो, पळायचं तरी कुटं? अक्का मनली, आमाला म्हाताऱ्यांना कशाला रे बाबा, आमच्या गोवऱ्या मसनात गेल्या, पोरासोरांना दे. मियाँ मनले, अम्मा, बूढ़ों कोच पैले पकडता. तवा सुनंचे दिवस भरत आलते. अक्का तिच्या पोटाकडं बगितली, दंड म्होरं केला आन मनली, टोच. मग मीबी टोचून घेतली. रातच्याला दोघींला ताप भरला, दंड दगडावानी झाला, आन अक्का खूस! मनली, बगितलंस का, आली. मरीआईच हाय ही, सुईच्या वाटंनं आली. लगेच घरातली फोडनी बंद, लिंबाचा पाला, दहीभात. ताप उतरला तवा तिनं तळहाताएवढा गाडा करून घेतला मल्लूकडून. आमी दोघी विधवा, आमाला ओटीला हात लावायला चालत न्हाई, मनून ओटी सुनंनं भरली, अक्का लांबून सांगायली, खन असा धर, नारळाची शेंडी तिकडं कर. मग शिवेपार न्हिऊन सोडलं. त्या पावसाळ्यात गावात पटकी आली न्हाई. नातू झाला. अक्काची मान अशी ताठ झाली, की इचारू नका.

दुसऱ्या सालाला मियाँ पुन्हा आले. अक्का मनली, आता कामून? मियाँ मनले, अम्मा, इस सुई का जोर सा म्हैने, फिर उतर जाता, हर साल लेना. अक्काचं टाळकंच फिरलं. मनली, उचलली जीभ लावली टाळ्याला! देवीची सुई बारकेपनी घेतली ती आजून दंडावर हाय, आन तुजी सा म्हैन्यात उतरती व्हय? खूनबी ठिवली न्हाईस काई. आरं, जिला मी ओटी भरवून वाटं लावली, तिला पुन्हा हाक मारू? कोपंल ती. मियाँनी लई समजावलं, हात जोडले. अक्का आत गेली आन दार लावून घेतलं. मियाँ माझ्याकडं वळले, तुम तो लेव अम्मा. माझ्या मनात भ्याव हुतं, खरं सांगते. मालकाचं तोंड डोळ्याम्होरं आलं. पन मी मनले, अक्का न्हाई तर मीबी न्हाई. दोघी येका घरात, येकीनं पावनी आनायची आन दुसरीनं न्हाई, ते कसं जमावं? आमचं बगून आळीतल्या समद्या म्हाताऱ्या उठून गेल्या.

आन त्याच पावसाळ्यात आली की वो. शेजारच्या गावानं गाडा आमच्या शिवेवर आनून सोडला, अक्का दिवा घिऊन गेली, म्होरं ढकलून आली, आन दोन रोजांनी तीच पडली. उलटी, ढाळ, हातापायाला पेटके, डोळे खोल गेले, आवाज निस्ता घोगरा. आळीतल्या दोन म्हाताऱ्या तवर पटकीनं मेल्या हुत्या. मला काई सुदरंना, मी पेज पाजायची, ती उलटायची, मी पुन्हा पाजायची. मनात येकच, हिला न्हिऊ नको गं माय, माझा मानूस न्हेलास, हिचा मानूस न्हेलास, आता हिला तरी ठिव, ही गेली तर मला ए म्हाळसा मनून वसकायला कोन ऱ्हातंय? मल्लू पळत जाऊन मियाँला घिऊन आला, मियाँनी डाक्टराला आनलं, तेनं शिरंत मिठाचं पानी सोडलं. मियाँ दारात बसून ऱ्हायले. दार लावलं हुतं त्येंच्या तोंडावर, त्याच दारात. अक्का वाचली, पन निम्मी झाली. दुखनं येतं हत्तीच्या पावलानं आन जातं मुंगीच्या, तसं तिचं झालं, दिवाळीपस्तोर उठून बसता येत न्हवतं.

आता मला वाटलं, ही सुईला आनखीच शिव्या देनार. तर तिनं पडल्या पडल्या इच्यार केला, आन येक दिवस मला मनली, म्हाळसा, चुकलं गं. मी मनले काय चुकलं? मनली, मला वाटलं ती पावनी हाय, येकदा आली की झालं. पावनी न्हाई गं ती, लेक हाय. लेकीची ओटी भरून वाटं लावतो, मनून काय ती दुसऱ्या सालाला म्हायेरला येत न्हाई? तेनं मियाँनं तिचं येनं सांगितलं, आन मी दार लावलं. मनून ती रागं रागं, बिनबोलावता आली. म्होरल्या मिरगाला मियाँ आले तर अक्का काठी टेकत समद्याच्या म्होरं जाऊन बसलेली! मियाँला सांगायली, लेकीला उशीर कामून केलास रे? मियाँ समजवायला गेले, अम्मा ऐसा नै, इस के अंदर जो दवा है ना... मग आमच्या तोंडाकडं बगितले, हसले, मनले, हौ अम्मा, वैसाच समझो. आन तिनं घेतली मनल्यावर आळीत ऱ्हायलेल्या म्हाताऱ्यांनी बी दंड उघडे केले.

तवापसून दर साल. मिरगाच्या आदी अक्का अंगन सारवून घ्यायची, सुनंला लिंबाचा पाला आनायला लावायची. लेक यायलीय मनायची. ताप आला की दंडावर हात फिरवत बसायची, आलीस का गं बाई, दमलीस का? आन मला हसू यायचं, आन डोळ्यात पानीबी यायचं, कारन तिला पोटची लेक न्हवती हे समद्या गावाला ठावं. जल्मभर कुनाची ओटी भरून वाटं लावली न्हाई तिनं. ओटीला हात लावायला चालत न्हवतं, तरी ताप उतरला की गाडा वाटं लावायला शिवेपस्तोर जायची, आन मागं वळून बगायचं न्हाई मनून मलाच दटावायची, आन सोता वळून बगायची. मी बगितलंय.

ह्या थंडीत गेली ती. पटकी न्हाई, काई न्हाई, निस्ता खोकला झाला, अन्न तुटलं. जाताना मल्लूला मनली नीट ऱ्हा, सुनंच्या तोंडावरून हात फिरवली. मला मनली, म्हाळसा, मिरगाआदी ती येईल, बग. बस, येवढंच. आता घरात मानसं हायती, नातू हाय, मला काई कमी न्हाई, पन सकाळी उठल्यावर वसकनारं कुनी न्हाई. पाटीभर शेन उचललं तरी दम लागतो. मनं आता हैदराबादबी मोडायलंय, आमचं गाव म्हैसूरला जोडनार. जोडा बाबा कुटं जोडायचं ते, आमाला म्हाताऱ्यांना काय, हितंच जळायचं हाय. तवा मी मनले हुते, अक्का न्हाई तर मीबी न्हाई. आता अक्का न्हाईच. मग मी कशासाठी दंड सुजवून घ्यावा, सांगा बगू? काल रातभर हेच घोळत हुतं मनात. निजले ते न जाता बसायचं ठरवूनच निजले.

ऐकलाव का? वाजायली दवंडी. आले मियाँ. अक्का कुटं हाय मनून इचारतील आता, त्येंला कुनी सांगितलं बी नसंल... थांबा, मला हात द्या जरा, गुडगा धरतो. ह्यो बगा, उठले. मी तरी काय बाई. मास्तर, मानसं मनतात माय मरो, मावशी जगो. मावशी न्हाई मी तिची, पन चुलती तर हाय की. अक्काची लेक यायली दारात, आन माय मेली मनून चुलतीनं दार लावून घ्यायचं व्हय?

अगं ए, ऐकलीस का, आज फोडनी घालू नको गं. लिंबाचा पाला आन. मास्तर, तुमी ताक-भाकर खाऊन जावा, फोडनीचं काई मिळनार न्हाई आता घरात. तुमची माय हाय का हो? म्हातारी हाय? मग तिलाबी घिऊन या टोचायला, न्हाई मनली तर माझं नाव सांगा. सुखी ऱ्हावा, लेकराबाळांचे व्हा. दार वढून घिऊ नका जाताना, उगडंच ऱ्हाऊ द्या.